त्या वर गेलेल्या हाताबद्दल, यशो

यशो,

पेपरात तुझा फोटो आला आहे. गळ्यात पदक, केस चापूनचोपून बसवलेले, तोंड घट्ट मिटलेलं. मी तो बराच वेळ पाहत बसले आणि मला तो कुणा परक्या बाईचा वाटला. तुझं तोंड मिटलेलं मी कधी पाहिलं? चढावर श्वास पुरत नसतानाही तू बोलत असायचीस. फोटोखाली तू कुठल्या शर्यती जिंकलीस, देशात कितीदा पहिली आलीस, कुठल्या देशात जाऊन आलीस, सगळं छापलंय. त्यात खोटं काही नाही. पण ते वाचून तुला कुणी ओळखायचं नाही.

मी तुला पहाटे भेटते आहे सध्या. अजून उजाडलेलं नसतं, जाग आलेली असते आणि नसतेही. गोंडपिपरीच्या आमच्या घरामागून फ्रीव्हीलची बारीक टकटक ऐकू येते. मग मी मूल गावाहून सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असते. दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, त्यावर धुकं, आणि रस्ता त्या धुक्यात मधेच नाहीसा झालेला. तू पुढे, मी तुझ्या मागच्या चाकाला चिकटून. तुझी वेणी पाठीवर इकडून तिकडे हलते. वारा सगळा तू खातेस, मला लागत नाही. सायकलींना वजन नसतं, आपल्यालाही नसतं. कुठून तरी मोहाचा वास येतो, मोहाचा महिना नसतानाही. मी वाट पाहत असते की आता तू मान वळवशील आणि नेहमीचा प्रश्न विचारशील. पण तू वळत नाहीस, आणि मग मशिदीत अजान होते.

तो प्रश्न तू मला आयुष्यभर विचारलास. आज त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तू नदीपलीकडची. शिकायला मूलला मावशीकडे राहिलेली. मी मूलचीच, टेलरची पोरगी. शनिवारी शाळा लवकर सुटली की तू मावसभावाची काळी सायकल काढायचीस आणि थेट गावाला, मायकडे जायचीस. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल, मग पलीकडे डावीकडे कच्ची वाट. एवढ्या लांब मुलगी एकटी जाते याचं मला फार अप्रूप. एका शनिवारी मी अब्बांना काही न विचारता त्यांची सायकल घेऊन तुझ्या मागे निघाले. सलवार दोनदा चेनमध्ये अडकली. सावली गावाच्या पुढे उघड्या बांध्यांवरून असा वारा सुटला की सायकल जागची हलेना.

तू ओरडलीस, "माह्या मांगं ये, अगदी मांगं! चाकाले चाक लाव!"

मी आले. आणि वारा बंद झाला. दार लावून घेतल्यासारखा. मला ती जादू वाटली होती. थोड्या वेळानं तू दमलीस, मी पुढे झाले आणि तू मागे आलीस. शिकवायला कुणी नव्हतं. वाऱ्यात कसं जायचं ते आपण आळीपाळीनं वारा खाऊनच शिकलो.

गावात पोचलो तेव्हा तुझी माय धानाचा रोवणा करत होती. गुडघाभर चिखलात वाकलेली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ही कोण वो?"

"तायरा. माह्यासंगं आली."

"इतक्या दूर? सायकलीवर? पागल आहा का वो तुम्ही दोघी?" म्हणाली, आणि बांधावर बसवून आपल्या भाकरीतली अर्धी मला दिली. चिखलाच्या हातानं दिलेली ती भाकरी मला अजून आठवते. त्या दिवसापासून तुझ्या तोंडी मी ताहिरा राहिले नाही, तायरा झाले. मलाही ते नाव जास्त आवडायचं.

आपल्याला पाहिलं ते शाळेच्या पीटीच्या बाईंनी. एका सोमवारी सकाळी आपण दोघी तुझ्या गावाहून परत येत होतो, आणि बाई एसटीत होत्या. एसटी आपल्याला लवकर गाठू शकली नाही, असं त्या पुढे सगळ्यांना सांगायच्या. रस्त्यातले खड्डे किती होते ते मात्र सांगायच्या नाहीत. त्यांनीच नागपूरहून वापरलेल्या दोन वाकड्या हँडलच्या सायकली मिळवून आणल्या. त्यांनीच अब्बांच्या दुकानात बसून शर्यतीच्या कपड्यांचं बोलणं केलं. अब्बा बराच वेळ कापड कुरवाळत बसले आणि म्हणाले, "घुटने तक सी दूँगा, बाई. उससे ऊपर मेरी कैंची नहीं जाएगी." दोघींचे कपडे त्यांनी कापडाच्या एकाच थानातून शिवले, तुझे आणि माझे. तू त्यांना मिठी मारली होतीस. आमच्या दुकानात असं कुणी कधी केलं नव्हतं, अब्बा लाजून बाहेरच गेले.

मग जिल्हा तुटला. चंद्रपूरचा एक तुकडा काढून गडचिरोली वेगळा झाला आणि नदी ही सीमा ठरली. मोठ्या माणसांच्या लेखी ती मोठी गोष्ट होती. आपल्याला ती समजली राज्याच्या शर्यतीला नावं देताना. तुझं घर नदीपलीकडे, म्हणून तू गडचिरोलीची. मी चंद्रपूरची. आपल्या दोन सायकली एकाच बाकाला बांधून एकाच गाडीतून गेल्या आणि तिकडे उतरल्यावर आपण एकमेकींच्या विरुद्ध झालो.

बाई म्हणाल्या, "पोरींनो, कागदावर काही असू दे."

तू म्हणालीस, "बाई, म्हणजे हिले हरवावं लागते का मले?"

"जमलं तर हरव," बाई हसल्या.

शर्यत पश्चिमेकडच्या एका शहराबाहेर होती आणि वाटेत घाट होता. आपल्याकडे चढ म्हणजे पुलावरचा चढ. शहरातल्या मुली गियरच्या सायकलींवर आपल्या बाजूनं निघून गेल्या, साड्यांच्या दुकानातल्या बाहुल्यांसारख्या सरळ बसलेल्या. घाटात तू पूर्ण वेळ बोलत होतीस. "हे झाड पाय. तो दगड पाय. आतं फक्त त्या वळणापर्यंत. आतं पुढच्या." मी काहीही न पाहता तुझा आवाज धरून वर आले. आणि वर आल्यावर समोर पठार होतं. उघडं, लांबलचक, आणि समोरून वारा.

तू मागे वळून हसलीस. तो आपला वारा होता. सावलीच्या पुढच्या बांध्यांवरचा. आपण घरी आलो होतो.

आळीपाळीनं पुढे होत आपण एकेकीला गाठत गेलो. त्या सगळ्या एकट्या वाऱ्याशी झगडत होत्या. मोटारसायकलवरचा पंच आपल्याजवळ आला आणि ओरडला, "ए गडचिरोली! चंद्रपूरच्या मागं काय लपतेस? तुमचे जिल्हे वेगळे आहेत!"

"कालपर्यंत एकच होता ना, साहेब!" तू ओरडलीस. त्याला हसू आवरेना, तो पुढे निघून गेला.

शेवटी दोघीच उरलो. दोन्ही बाजूंना ऊस, त्याची पानं एका सुरात सळसळणारी. दूरवर मांडव दिसत होता, माणसं मुंग्यांएवढी. तेव्हा सगळं फार हळू होतं, यशो. तुला आठवतं का तसं? आवाज लांब गेले होते. मला आपली सावली दिसत होती, दोघींची मिळून एकच. मला वाटलं, हा रस्ता असाच राहू दे, तो मांडव जवळ येऊच नये. मग माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. कुणी आतून पिळा घालावा तसा. माझा उजवा हात हँडलवरून सुटला आणि वर गेला.

तू मागे पाहिलंस. माझा हात वर. तू क्षणभर पाय थांबवलेस. मग गेलीस.

तू पहिली आलीस. मी लंगडत चौथी. मांडवात सगळे तुला उचलत होते आणि तू माणसांच्या डोक्यांवरून मला शोधत होतीस.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलेलीस. गळ्यातला हार काढून तू वरच्या फळीवर टाकला होतास. बाई झोपल्या होत्या.

"तायरे, तू हात कायले वर केला?"

"गोळा आला होता."

"गोळा पायात येते. हात कायले वर जाते?"

"माहीत नाई. गेला आपोआप."

"तू मले जा म्हणून राह्यली होती."

"नाई वो."

"तू सोडलं मले. जिंकली तं मले नोकरी लागंल म्हणून सोडलं. खरं सांग."

मी चिडले. इतकी चिडले की डब्यातले लोक पाहायला लागले. मी म्हणाले की माझा जीव गेला त्या रस्त्यावर, आणि तू म्हणतेस मी सोडलं? तू ऐकून घेतलंस. मग खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणालीस, "आमच्या गावात विहिरीवर मायच्या ओंजळीत वरतून पाणी सोडत होते लोकं. आजीच्याही. मले वरतून सोडलेलं काईच नाई पायजे, तायरे. जिंकणंबी नाई."

तुमच्या घरानं जुने देव, जुनी रीत केव्हाच सोडली होती, भिंतीवर बुद्ध होते, तू शाळेत पहिल्या बाकावर बसायचीस. तरी ती ओंजळ तुझ्यात कुठेतरी होती. मला तेव्हा एकच कळलं. मी कितीही शपथा घेतल्या तरी तू त्या धरणार नव्हतीस, कारण माझ्यासारखी मैत्रीण शपथ घेऊनही खोटं बोलेल, हे तुला ठाऊक होतं.

त्यानंतरचं तुझं सगळं जिंकणं मी या एका गोष्टीशी जोडून पाहिलं. देशाच्या शर्यतीत तू पहिली आलीस तेव्हा तुझ्या मागे कुणीच नव्हतं, वळणापर्यंत मोकळा रस्ता. मीही राज्याच्या चमूत होते, मागे, धुळीत. तू उतरलीस, सरळ माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "आतं कोणी सोडलं काय, सांग?" लोकांना वाटलं तुला उन्हाचा त्रास झालाय. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलीस. तुला नागपूरला खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली. म्हणजे सकाळी सायकल, दुपारी सहीपुरतं ऑफिस, संध्याकाळी पुन्हा सायकल. तू म्हणायचीस, "सरकार मले सायकल चालवाचा पगार देते, तायरे. मायले सांगतलं तं ते हसत हसत पाटावर बसली."

गावानं तुझा सत्कार केला. मी होते तिथं. ज्यांच्या विहिरीची गोष्ट तू गाडीत सांगितलीस त्यांच्याच घरच्या माणसानं तुला हार घातला आणि माईकवर "आमची यशोधरा" म्हणाला. तू हार काढलास, मायच्या गळ्यात घातलास आणि खाली उतरलीस. भाषण केलं नाहीस. माय मात्र तो हार घालून पूर्ण कार्यक्रमभर पहिल्या खुर्चीत बसून राहिली, कुणी बोलावलं तरी हलली नाही.

माझं लग्न झालं. गोंडपिपरीत सलीमचं कापडाचं दुकान. लग्नाला तू तुझ्या गावाहून सायकलवर मूलला आमच्या घरी आलीस, पावसानं चिंब, अंगावर चिखल, आणि त्याच कपड्यांत अम्मीच्या गळ्यात पडलीस. मला मेंदी लागलेली. तू माझ्या तळव्यांकडे पाहत म्हणालीस, "हे हात आतं हँडल नाई धरणार का?" मी म्हणाले, पाहू. तुला माझं उत्तर समजलं. शर्यती माझ्यापुरत्या तिथे संपल्या. मला त्याचं दुःख झालं असं मी सांगितलं तर तू विश्वास ठेवशील, पण तसं नव्हतं गं. मला शर्यत कधी नकोच होती. मला तुझ्या मागचं चाक हवं होतं.

मग तू परदेशात गेलीस. परत येताना सरळ गोंडपिपरीला आलीस, माझी थोरली तेव्हा रांगत होती. तू ओसरीवर पाय सोडून बसलीस आणि सांगत गेलीस. तिकडच्या सायकली आवाज करत नाहीत. घोळका जवळून जातो तर फक्त पाखरांचा थवा गेल्यासारखा वारा हलतो. रस्ता समुद्राच्या काठानं होता, आणि तुला वाटत होतं की हा समुद्र आहे की पावसाळ्यातली वैनगंगा, पलीकडचा काठ कसा दिसत नाही. एवढ्या थंडीत पाऊस, आणि चढावर धुकं. त्यात पुढची मुलगी विरघळून जायची, पुन्हा दिसायची. "मी कितवी आली ते नको इचारू," म्हणालीस. "पण धुक्यात तू दिसली मले. खरंच. माह्या मांगं होती."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझी मुलाखत छापून आली. दुकानात एका गिऱ्हाइकानं वाचून दाखवली. "माझी पहिली मोठी शर्यत मला माझ्या मैत्रिणीनं सोडली." माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी पोरीला कडेवर घेऊन एसटीत बसले, चंद्रपूरला गाडी बदलली, नागपूरला पोचले, विचारत विचारत तुझ्या खोलीपाशी आले. तू दारातच होतीस, हातात चिमण्यांसाठी तांदूळ.

"का छापलंस हे?" मी ओरडले.

"अवो, आली तू!" तू म्हणालीस. इतकं हसू तुझ्या चेहऱ्यावर की मी आणखीच चिडले. तू पोरीला माझ्याकडून घेतलंस आणि खांद्यावर बसवलंस. आपण दिवसभर भांडलो. भांडता भांडता तू वांग्याची भाजी केलीस, मी पोळ्या लाटल्या, पोरीनं तुझी पदकं एकेक करून पलंगाखाली टाकली. दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवून देताना तू खिडकीतून म्हणालीस, "हात कायले वर केला होता, ते तं सांगितलंच नाई."

असं किती वेळा झालं. तू निरोप पाठवायचीस, कुणाच्या तरी हाती, कधी एसटीच्या कंडक्टरकडून: तायराले सांगा, मी अजून मानत नाई. आणि मी यायचे.

शेवटी तू हरलीस. देशाच्या शर्यतीत एका लहान मुलीनं तुला मागे टाकलं. मला वाटलं तुला सावरायला जावं लागेल. तूच आलीस, खूष. "सरळ हरवलं पोरीनं मले. हात नाई वर केला, काई नाई. मस्त!" आणि मग म्हणालीस की आता पुरे, गडचिरोलीला बदली मागितली आहे, जंगलातल्या पोरींना सायकल शिकवणार. मी म्हणाले, अजून दोनतीन वर्षं सहज जिंकशील. तू म्हणालीस, "जिंकाची नाई आतं. आतं फिराची आहे. सिरोंच्याले चालते का?"

शाळेत असताना आपण दक्षिणेकडे जंगलातून सिरोंच्याला जाणारा तो रस्ता पुढे कुठं संपतो याच्या गप्पा मारायचो. सलीमला मी विचारलं, तर तो म्हणाला, "जा. बच्चे मैं देखता." पळस फुलला होता तेव्हा आपण निघालो. मी किती वर्षांनी सायकलवर बसले होते. आष्टीपाशी नदी ओलांडली आणि आलापल्लीकडे सागाचं जंगल सुरू झालं. ते दोन दिवस मला सलग आठवत नाहीत, यशो. झोपेतल्यासारखे आठवतात. सागाची मोठी वाळकी पानं एकेक करून रस्त्यावर पडत होती आणि आपल्या चाकांखाली कुरकुरत होती. बांबूचा ट्रक गेला की लाल धूळ उठायची. ती खाली बसेपर्यंत आपण थांबायचो. एका ठिकाणी बाया मोह वेचत होत्या, टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या, आपल्याकडे पाहून गोंडीत काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. तूही हसलीस, कळल्यासारखी. मी तुझ्या मागच्या चाकाला होते. वारा नव्हताच, तरी मी तिथून हलले नाही.

सिरोंच्याला चहाच्या टपरीवरची बाई तेलुगूत बोलली. "एक्कडि नुंची?" आपण कुठून आलो ते तिला सांगेपर्यंत तिनं दोन ग्लास भरून समोर ठेवले होते. मग आपण नदीवर गेलो. प्राणहिता येऊन गोदावरीला मिळते तिथं इतकं पाणी आणि इतकं आकाश होतं की कुठलं कुठं संपतं ते कळेना. तू पाय बुडवून बसलीस. तुझ्या पोटऱ्यांवर लाल धुळीच्या रेघा होत्या, त्या पाण्यात हळूहळू विरघळल्या. रस्ता संपला होता. मला वाटलं आता तू काहीतरी मोठं बोलशील.

"तायरे, हात कायले वर केला होता?"

मी तुझ्यावर पाणी उडवलं. तू पाण्यात पडेपर्यंत उडवलं.

पावसाळा सरता सरता सलीमच्या ओळखीचा माणूस सांगत आला की तू दवाखान्यात आहेस. मेंदूचा मलेरिया. तू पोरींच्या मागे आतल्या गावांतून फिरत होतीस, ताप अंगावर काढलास. मी गडचिरोलीला पोचले तेव्हा दुपार होती. माय तुझ्या पायाशी बसली होती, तुझी पोटरी हळूहळू दाबत. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुहीच वाट पाहून राह्यली." सकाळपासून तू बरळत होतीस, पण त्या दुपारी तुला चांगली शुद्ध आली होती. डॉक्टरांनाही बरं वाटलं होतं. खिडकीतून आलेलं ऊन तुझ्या चादरीवर पडलं होतं, पावसाळ्यानंतरचं, स्वच्छ.

मी म्हणाले, "विचार. आज नाही चिडणार मी."

तू मान हलवलीस. "नाई इचारत. मले माहीत आहे."

"काय?"

"तू नव्हतं सोडलं." तू ओठ ओले केलेस. मायनं चमच्यानं पाणी दिलं. "तिकडं, परदेशात, शेवटच्या चढावर मले गोळा आला. आन् तायरे, माहा हात वर गेला. आपोआप. मी त्या हातालेच पाहत राह्यली. इतकं हसाले आलं मले. ते लोकं म्हणत असतील, हे बाई पागल झाली."

म्हणजे तुला मुलाखतीच्या आधीपासून ठाऊक होतं. नागपूरच्या आधीपासून. सिरोंच्याच्या नदीत बसूनही.

"मग इतकी वर्षं काऊन विचारत होती?"

"नसतं इचारलं तं तू आली असती का?" तू म्हणालीस. "लग्न झालं तुहं. लेकरं झाले. भांडाले तरी येत होती."

आणि डोळे मिटलेस. दमली होतीस. मी तुझ्या हातावर हात ठेवून बसले. मला वाटलं, उठेल तेव्हा सांगू. उत्तर तयार होतं माझ्याकडे, पण झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं. संध्याकाळी ताप पुन्हा चढला आणि तू आम्हाला ओळखेनाशी झालीस. दुसऱ्या दिवशी उजाडताना तू गेलीस. तुझ्या गावात भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, माय सगळ्यांबरोबर म्हणत होती, तिचा आवाज एकदाही हलला नाही. मी तिच्याजवळ उभी राहिले. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. हात सोडताना म्हणाली, "येत जाजो वो." मी येईन, यशो. तिच्याकडे येत राहीन.

पण तुला द्यायचं ते उत्तर राहिलं.

भांडायचं नसतं तरी मी आले असते. दर वेळी आले असते. मला नागपूरच्या त्या मुलाखतीचा खरा राग आला होता, पण तो चंद्रपूरच्या स्टँडवरच उतरला होता. पुढची गाडी मी रागानं पकडली नव्हती. भरल्या घरातून, सणवार, दुकान, पोरं सोडून बाईनं मैत्रिणीकडे जायचं म्हणजे काहीतरी सबब लागते. "तिच्याशी भांडायचंय" ही सबब सासूबाईंनाही पटायची. मी ती कधी मोडू दिली नाही.

परवा हे सगळं मी सलीमला सांगितलं. मला वाटलं त्याला नवल वाटेल. तो दुकानात कापडाचं थान गुंडाळत होता, हात न थांबवता म्हणाला, "मुझे तो मालूम था. झगड़ने निकलती थी, और थैली भरते-भरते गाना गाती थी तू."

तुझी,
तायरा